पत्रपेटी तुझी, नकारही तुझाच

अगं, जर्मनीत नवं घर लावताना पडद्यांपासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळं तू नीट बघशील, पण खाली जिन्याजवळच्या पत्रपेटीकडे तुझं लक्ष जाणार नाही. म्हणून आधी तिचंच सांगते.

इथे महत्त्वाचं बरंच काही अजून कागदावरच येतं. करक्रमांक, बँकेचं कार्ड, आरोग्यविम्याचं कार्ड. आणि एखाद्या दिवशी सरकारी आदेशाचं पिवळं पाकीट. ते पेटीत पडलं की तुला मिळालं असंच कायदा धरतो. पोस्टमन पाकिटावर तारीख घालून जातो आणि तिथून मुदत सुरू होते. वाहतुकीच्या दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला अवघे दोन आठवडे मिळतात. सुपरमार्केटच्या रंगीत पत्रकांच्या गठ्ठ्यात ते पाकीट अडकलं आणि गठ्ठ्यासकट रद्दीत गेलं, तर ‘मी पाहिलंच नाही’ म्हणून सहसा सुटका होत नाही.

तेव्हा पेटीवर चिठ्ठी लाव: ‘बिटे काइने वेर्बुंग’, म्हणजे कृपया जाहिरात टाकू नका. हाताने लिहिलेलीही चालते. चिठ्ठी नसेल तर तुझी हरकत नाही असंच समजलं जातं. पण ती लावल्यावर जाहिरात टाकणं बेकायदा ठरतं. १९८८ साली बुंडेसगेरिश्ट्सहोफ या जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे स्पष्ट केलं. घर भाड्याचं असलं तरी पेटीचा ताबा तुझा, म्हणून हक्कही तुझा. मात्र हे प्रकरण दिवाणी आहे हं. बाहेरून फटीत कागद सरकवला म्हणजे कोणी घरात घुसलं असं होत नाही, त्यामुळे पोलिसांना फोन करू नकोस.

आणि पत्रकं वाटणाऱ्यावर मुळीच चिडू नकोस. तो बिचारा थंडीपावसात तुटपुंज्या पैशांवर दारोदार फिरत असतो. त्या निकालाने जबाबदार धरलं ते जाहिरातदाराला. ‘वाटणाऱ्याने चूक केली, आम्ही काय करणार’ असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. चिठ्ठीचा मान राखला जाईल हे बघणं त्याचंच काम. राजकीय पक्षांची पत्रकंही यातून सुटत नाहीत, तेव्हा निवडणुकीच्या दिवसांतही तुझी चिठ्ठी तितकीच चालते.

दोन फटी मात्र लक्षात ठेव. बातम्या असलेली फुकट साप्ताहिकं नुसत्या ‘वेर्बुंग’मध्ये धरली जात नाहीत, ती नको असतील तर चिठ्ठीवर ‘काइने कोस्टेनलोझेन त्साइटुंगेन’ हेही लिही. दुसरं, तुझ्या नावानिशी आलेलं जाहिरातपत्र पोस्टमन टाकणारच. त्यासाठी त्या कंपनीलाच लिहायचं, की माझा पत्ता जाहिरातीसाठी वापरू नका. युरोपच्या विदासंरक्षण कायद्याने तो हक्क तुला दिलेला आहे आणि कारण सांगायची गरज नाही. ‘रॉबिन्झोनलिस्टे’ या जाहिरातपत्रं नको असणाऱ्यांच्या यादीतही नाव घाल, त्यात सामील असलेल्या कंपन्या तुला वगळतात.

एवढं करूनही एखादं दुकान ऐकत नसेल, तर पत्रक आणि चिठ्ठी एकत्र दिसतील असा फोटो काढ, तारीख टिपून ठेव आणि दुकानाला शांतपणे पत्र लिही. पुन्हा तेच झालं तर फेरब्राउखरत्सेंट्राले हे ग्राहककेंद्र गाठ. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मनाईचा आदेश मोडला, तर दंडाची कमाल मर्यादा २,५०,००० युरो आहे. तिथवर जायची पाळी क्वचितच येते, पण मागे कायदा आहे हे ठाऊक असलं की पत्र लिहिताना हात कचरत नाही.

पुढेमागे ॲमस्टरडॅमला गेलीस तर तिथे उलटी रीत आहे. २०१८ पासून, ज्याला पत्रकं हवीत त्याने पेटीवर ‘या’, म्हणजे हो, असं लावायचं. जर्मनीत मात्र नकार तुलाच द्यावा लागतो. दारी आलेल्याला नाही म्हणू नये, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं, मला माहीत आहे. पण तुझ्या दारात काय यावं हे तू ठरवलंस, तर त्यात कुणाचा अपमान नाही. हा संकोच सोड, बाई. चिठ्ठी लाव, आणि पेटीवर तुझं स्वतःचं आडनावही ठळक लिही. नवऱ्याचं वेगळं असेल तर दोन्ही. नाव नसेल तर हवी ती पत्रंही परत जातात.