इंजेक्टरांची पुनर्जोडणी

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल पोंचविण्याचें काम पूर्वीं कार्बुरेटर करी. १९६७ सालीं फोक्सवॅगन १६०० या मोटारींत बॉश कंपनीची विद्युन्नियंत्रित फवारणी आली आणि पुढें ही पद्धति सर्वत्र पसरली. ज्या नळीवर सर्व इंजेक्टर बसतात तिला फ्युएल रेल म्हणतात. जुन्या मोटारीचे इंजेक्टर साफसफाईसाठीं काढून परत बसवितांना सारी भिस्त रबराच्या लहानशा कड्यांवर असते.

प्रत्येक इंजेक्टरास वर एक व खालीं एक कडें असतें. खालचें चिरलें तर बाहेरची हवा आंत शिरून इंजिन अडखळूं लागतें. वरचें चिरलें तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळतें. अनेक मोटारींत या नळींतील दाब सुमारें ३ बार, म्हणजे चाकांतील हवेच्या दाबाहूनहि अधिक असतो. तेव्हां जुनीं कडीं कितीहि धड दिसलीं तरी नवींच घालावीं. येथें काटकसर नको. कोरडें कडें बसतांना पीळ खातें, यास्तव त्यास स्वच्छ इंजिनतेलाचें बोट लावावें. इंजेक्टर आधीं रेलमध्यें बसवून मग रेल सरळ खालीं दाबावी. इंजेक्टर हातानें किंचित् फिरला पाहिजे. न फिरल्यास कडें पिळलें असें समजून तो पुनः काढावा. बोल्ट आळीपाळीनें आवळावे.

सोडलेली बॅटरी जोडल्यावर, इंजिन सुरू न करितां, किल्ली दोनतीन वेळां फिरवावी. पंप क्षणभर चालून नळींत दाब भरतो. प्रत्येक सांध्यास कोरडा कागद टेकवून पाहावा. तो ओला झाल्यास इंजिन मुळींच चालू करूं नये. विद्यार्थ्यांनीं मात्र हें सर्व जाणत्या कारागिराजवळ उभें राहूनच पाहावें.