फळ्यावरचं दिसत नाही? आधी डोळे तपासू या!



एखादं मूल डोळे बारीक करून फळ्याकडे बघतं, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं. आपण पटकन म्हणतो, "याचं लक्षच नाही." पण तेच मूल हातातलं पुस्तक घडाघड वाचत असेल, तर दोष लक्षाचा नसून दृष्टीचा असू शकतो. जवळचं स्पष्ट आणि लांबचं अंधुक दिसणं म्हणजेच निकटदृष्टिता.

असं का होतं?
नेत्रगोल लांबट झाला किंवा पारपटलाची वा भिंगाची वक्रता जास्त असली, की लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या पुढेच तयार होते. अंतर्गोल भिंग प्रकाशकिरण थोडे फाकवतं, म्हणून प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडते. हा नंबर ऋण असतो. ज्याला 50 सेंमीपर्यंतच स्पष्ट दिसतं, त्याला साधारण -2 डायॉप्टरचा चष्मा लागतो (1 भागिले 0.5 मीटर).

वर्गात करून पाहा
10 सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगाने खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्या. (सूर्याकडे भिंग धरू नका.) भिंग म्हणजे डोळ्याचं भिंग, कागद म्हणजे दृष्टिपटल. आता कागद 12.5 सेंमीवर न्या. प्रतिमा अंधुक होईल. भिंगाला चिकटून -2 नंबरचा चष्मा धरा. झाड पुन्हा स्पष्ट! मुलं हे विसरत नाहीत.

गैरसमज सोडा
"चष्म्याने नंबर वाढतो," असं घरोघरी ऐकू येतं. वाढत्या वयात नेत्रगोल लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो, चष्म्यामुळे नाही. चष्मा टाळल्याने नंबर थांबत नाही, अभ्यास मात्र मागे पडतो. "मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळं कशी येणार?" म्हणून तो लपवू नका. रोज दोनेक तास उघड्यावर खेळल्याने मात्र हा दोष सुरू होण्याचा धोका कमी होतो.

आपण काय करायचं?
2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. पण शंका आली तर पथकाची वाट पाहू नका. मंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, गरज पडल्यास जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात दाखवा. पुढच्या बाकावर बसवणं ही तात्पुरती सोय झाली, उपाय नव्हे. आणि चिठ्ठी दिली म्हणजे आपलं काम संपलं असंही नाही. महिन्याभराने बघा, चष्मा दप्तरात आहे की डोळ्यांवर?