जुन्या अँबॅसेडरला इसुझूचं इंजिन

प्रश्न : आजोबांची 1968 ची मार्क टू अँबॅसेडर आहे. इंजिन थकलंय. इसुझूचं 1800 सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बसतो. हिंदुस्तान मोटर्सने पुढे स्वतःच ही जोडी अँबॅसेडरमध्ये दिली होती. स्क्रॅपमध्ये गेलेल्या तशा गाडीचे इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर, रेडिएटर आणि क्लचची जोडणी असा पूर्ण संच घ्या. सुटे भाग जुळवत बसलात की खर्चाला अंत नाही. प्रॉपेलर शाफ्टची लांबी मोजून घ्या आणि लांबी बदलावी लागली तर बॅलन्सिंग कराच, नाहीतर वेगात गाडी थरथरेल. स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन दांडा खाली येईल, म्हणजे पत्रा कापावा लागेल. सगळ्यात आधी मात्र ब्रेक बघा. जुने ड्रम 1489 सीसीच्या ताकदीसाठी होते. पुढे डिस्क आणि बूस्टर बसवल्याशिवाय हे इंजिन चालूच करू नका.

आता कागदपत्रं. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. हा बदल केलात तर तो हक्क गमवाल.

माझं मत विचाराल तर मूळ इंजिनाचं बोअरिंग करून, क्रँक ग्राइंड करून घ्या. रोज महामार्गावर धावायचं असेल तरच इसुझू. आणि तसं केलंत तरी जुनं इंजिन भंगारात देऊ नका, ग्रीस लावून जपून ठेवा.