मोटारीचे हरवलेले अवयव

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी जातीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. वीस वर्षांहून जुनी टॅक्सी शहरात चालवू नये, असा नियम आहे. आणि या जातीची शेवटची टॅक्सी २००३ सालच्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी गेली, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले.

मुलांनो, या गाडीचे चित्र कोठे मिळाले, तर ते आजच्या एखाद्या मोटारीशेजारी ठेवून पाहा. पुढच्या दाराच्या काचेला लागून एक छोटी त्रिकोणी काच दिसेल. पुढे आणि मागे चकाकणारा पोलादी बंपर दिसेल. आजच्या गाडीत या दोन्ही वस्तू आढळत नाहीत. त्या कोठे गेल्या? ‘फॅशन बदलली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु खरे कारण पुष्कळदा याहून खोल असते. ते समजून घ्यावयाचे, तर आधी वस्तू का आली हे विचारावे लागते.

प्रथम हँडलची गोष्ट पाहू. मोटारीच्या इंजिनाला पहिला फेरा बाहेरून द्यावा लागतो. ते एकदा फिरू लागले, की मग आपल्या बळाने फिरत राहते. प्रारंभीच्या काळात हा पहिला फेरा माणसाच्या मनगटाने द्यावा लागे. चालक गाडीसमोर उभा राही, खालच्या भोकात वाकडे लोखंडी हँडल घाली आणि अंगातले बळ एकवटून ते फिरवी. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलट झटका देई आणि हँडल गर्रकन मागे फिरे. त्या तडाख्याने कित्येकांची मनगटे मोडली. म्हणून जाणते चालक नवशिक्याला पहिला धडा देत तो हा, की अंगठा हँडलभोवती वळवू नकोस. तो इतर बोटांच्याच बाजूला ठेव.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने या संकटावर तोड काढली. त्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. आता मनगटाचे काम एक लहानशी विद्युत-मोटार करू लागली. ज्याच्या अंगात फारसे बळ नाही, अशा माणसालाही गाडी एकट्याने चालू करता येऊ लागली. तरीही हँडल लगेच नाहीसे झाले नाही. बॅटरी उतरली, तर अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडे. म्हणून पुढे कित्येक वर्षे ते गाडीतल्या हत्यारांबरोबर ठेवलेले असे. पुढे इंजिनाला इंधन पुरविणे आणि योग्य क्षणी ठिणगी पाडणे ही कामेही विजेवर चालणाऱ्या नाजूक यंत्रणेकडे गेली. आज बॅटरी पूर्ण उतरली असता हँडल फिरवूनही गाडी चालू होणार नाही. अशा रीतीने हँडलची उरलीसुरली गरजही संपली आणि बंपरखालचे ते भोक बुजले.

काही अवयव याहून शांतपणे गेले. जुन्या काही गाड्यांच्या दारांमधील खांबांत एक लहानसा हात लपविलेला असे. चालकाने कळ फिरविली, की तो बाहेर येई आणि गाडी कोणत्या बाजूला वळणार हे दाखवी. इंग्लंडातील मॉरिस मायनर गाडीत असे हात १९६१ सालापर्यंत होते. परंतु हा हात कधी अडकून बसे, कधी मोडे, आणि गर्दीत सहज नजरेत भरत नसे. उघडझाप करणारा दिवा दुरूनही लक्ष वेधून घेतो. त्यात हलणारा भागही नाही. हाताची जागा दिव्याने घेतली, यात नवल ते काय?

त्रिकोणी काचेचेही तसेच झाले. ती थोडी तिरपी केली, की धावत्या गाडीत वाऱ्याचा झोत येई. उन्हाळ्यात प्रवाशांना तो केवढा सुखाचा वाटे! पुढे पंख्याने हवा आत घेण्याची सोय झाली, वातानुकूलन आले. आणि त्या काचेच्या फटीतून येणारी वाऱ्याची शीळ व पावसाचे थेंब लोकांना नकोसे झाले.

आता सर्वांत महत्त्वाच्या बदलाकडे वळू. जुन्या गाडीवर बोटाने टकटक करून वडीलधारी माणसे म्हणत, “पाहा, काय पोलाद आहे! आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा!” गाडी जितकी कठीण, तितका माणूस सुरक्षित, असे कोणालाही वाटेल. परंतु ही समजूत खरी नव्हे.

क्रिकेटच्या मैदानावर वेगाने येणारा चेंडू खेळाडू कसा झेलतो, ते आठवा. तो हात ताठ धरीत नाही. चेंडूबरोबर हात किंचित मागे नेतो. त्यायोगे चेंडूला थांबावयास अधिक वेळ मिळतो आणि हाताला बसणारा मार हलका होतो. ताठ गाडी आदळली, की ती एका क्षणात थांबते आणि तो सारा धक्का आतल्या माणसाच्या देहाला सोसावा लागतो. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीचे अभियंते बेला बारेन्यी यांनी याचा विचार केला. गाडीचा पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करावा आणि माणसे बसतात तो मधला भाग मात्र पिंजऱ्यासारखा भक्कम ठेवावा, ही त्यांची कल्पना. तिच्याप्रमाणे बांधलेली गाडी १९५९ मध्ये बाजारात आली.

या कल्पनेची सत्यता पुढे एका प्रयोगात सर्वांना दिसली. २००९ साली अमेरिकेतील एका सुरक्षा-संस्थेने १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर आदळविल्या. प्रत्येकीचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. चालकाच्या जागी माणसाच्या आकाराचे पुतळे बसविले होते. जुन्या गाडीचा बसण्याचा भागच कोलमडला. तिच्यात खरा माणूस असता, तर त्याचा जीव गेला असता. नव्या गाडीचे तोंड चुरगळले. पण तिच्यातील माणसाच्या पायाला किरकोळ दुखापत झाली असती, इतकेच. जो ‘नुसता पत्रा’ म्हणून हिणविला गेला, त्याने स्वतःचा चुराडा करून घेऊन माणूस वाचविला.

म्हणून जुनी वस्तू नाहीशी झालेली दिसली, तर नुसते हळहळू नये, आणि तिला हसूही नये. तिने आपल्या काळी कोणती गरज भागविली, हे पाहावे. वाऱ्याची झुळूक माणसाला आजही हवी आहे. वळताना मागच्याला सूचना आजही द्यावी लागते. इंजिन असलेल्या गाडीत पहिला फेरा आजही कोणीतरी द्यावाच लागतो. वस्तू जाते, गरज मागे राहते, आणि ती भागविण्याचा अधिक चांगला मार्ग माणूस शोधीत राहतो. आज आपल्याला नवलाची वाटणारी मोटारही एक दिवस तुमच्या नातवंडांना जुनी वाटेल. तेव्हा तिचा एखादा हरवलेला अवयव दाखवून ती विचारतील, “हा कशासाठी होता?” त्यांना उत्तर देता यावे, म्हणून आजच नीट पाहून ठेवा.

शब्दार्थ
तोड काढणे – उपाय शोधणे. कळ – यंत्र चालू करण्याची खिट्टी किंवा बटण. हिणविणे – कमी लेखणे.

स्वाध्याय
१. हँडल फिरविताना अंगठा बोटांच्याच बाजूला का ठेवावा लागे?
२. स्टार्टर आल्यावरही हँडल बरीच वर्षे का टिकले?
३. झेल घेणारा खेळाडू आणि चुरगळणारी गाडी यांतील साम्य स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील वापरातून गेलेल्या एका वस्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारा. ती कोणती गरज भागवीत असे आणि आज ती गरज कशी भागते, हे दहा ओळींत लिहा.