लायसन्स कायमचं, मग दरवर्षी पैसे कशाचे?

प्रश्न : औरंगपुऱ्यात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. हिशेबासाठी टॅलीप्राइम घेतलं, तेव्हा ‘लाइफटाइम लायसन्स आहे, पुन्हा पैसे नाहीत’ असं सांगण्यात आलं. पहिलं वर्ष छान गेलं. मग ‘टीएसएस संपलं, रिन्यू करा’ अशी सूचना येऊ लागली आणि घरून ब्राउझरवर रिपोर्ट बघायचो ते बंद पडलं. दुकानातली बिलं मात्र निघतात. लोखंडी कपाट विकत घेतलं तर वरच्या कप्प्याचं भाडं कुणी मागत नाही. मग इथे हे कसं चालतं? आणि भरावेत का पैसे?
– एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचं लायसन्स संपलेलं नाही. संपली ती त्याच्यावरची वार्षिक वर्गणी. टीएसएस म्हणजे टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेस. नव्या लायसन्सबरोबर पहिल्या वर्षाचं टीएसएस मिळतं, त्यामुळे वर्षभर दोन्हींतला फरक कळायला काही कारणच नसतं. तेराव्या महिन्यात मात्र आपलंच काहीतरी कुणी काढून नेल्यासारखं वाटतं. हे खरेदीच्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण ‘लाइफटाइम’ म्हटलं की गिऱ्हाइकाचा हात लवकर खिशात जातो, आणि पुढचं वाक्य विकणाऱ्याच्या तोंडातच राहतं.

एका संगणकावर चालणाऱ्या सिल्व्हर लायसन्सची किंमत बरीच वर्षं १८,००० रुपये होती आणि टीएसएस ३,६००. पुढे हे आकडे २२,५०० आणि ४,५०० झाले. दोन्ही वेळा वर्गणी मूळ किमतीच्या बरोबर पाचवा हिस्सा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४,५०० चे ५,३१० होतात. म्हणजे पाच वर्षं इमानेइतबारे भरत राहिलात, तर एक आख्खं लायसन्स पुन्हा विकत घेतल्यासारखंच.

ही वर्गणी न भरल्यास नव्या आवृत्त्या मिळत नाहीत. टॅलीतूनच ई-इनव्हॉइस किंवा ई-वे बिल काढणं, रिटर्न थेट जीएसटी पोर्टलवर चढवणं, ब्राउझरवर रिपोर्ट पाहणं हेही थांबतं. यातल्या बहुतेक कामांना कंपनीचे सर्व्हर आणि सरकारी यंत्रणेशी सतत जोडणी लागते. तो खर्च चालू असतो, त्याचे पैसे मागण्यात मला गैर वाटत नाही. खातेवही, बिलं, साठा, येणं-देणं, ताळेबंद हे सारं तुमच्याकडे आहे त्या आवृत्तीवर चालूच राहतं. माझ्या लेखी कसोटी एवढीच : एक पैसाही पुढे दिला नाही, तर घेतलेली वस्तू घेतल्या दिवशीची मूळ कामं करते की नाही? टॅली करतं. तुमचा कप्पा कुलूपबंद झालेला नाही. ब्राउझरवरचा रिपोर्ट ही पहिल्या वर्षापुरती दिलेली सेवा होती.

आणि खरं तर पैसे पूर्वीही द्यावे लागतच होते. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये बंगळुरूत टॅलीचा उद्योग सुरू केला. वडिलांच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलानं लिहिलं. पण आपल्याकडे करांचे कायदे स्वस्थ बसत नाहीत. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. प्रत्येक खेपेला जुनं सॉफ्टवेअर अपुरं पडलं आणि व्यापाऱ्यांना नव्या आवृत्तीकडे वळावं लागलं. पूर्वी हा खर्च मधूनच एकदम अंगावर यायचा, आता तो वर्षावर वाटला गेला आहे. निदान ज्यांनी विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी. ज्यांच्या दुकानात ‘क्रॅक’ केलेलं टॅली ७.२ वर्षानुवर्षं फुकट नांदलं, त्यांचा हिशेब वेगळा!

आता तुमच्या दुकानाबद्दल. ‘सरकारनं दर बदलले, टीएसएस घ्यावंच लागेल’ असं कुणी फोनवर सांगितलं तर घाबरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, क्रेयॉन आणि नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. छापील पुस्तकांवर तो आधीही नव्हता. हा बदल करायला नवी आवृत्ती लागत नाही. त्या वस्तूच्या किंवा स्टॉक ग्रुपच्या जीएसटी तपशिलात जाऊन नवा दर आणि तो लागू झाल्याची तारीख घातली की झालं. त्या तारखेआधीची बिलं जुन्याच दरानं राहतात.

ई-इनव्हॉइसचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्यातही देशातल्या व्यवहारांत ती नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीपुरती आहे. पालकांना विकलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याला ती लागत नाही. जूनची गर्दी धरूनही तुमची वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या आत असेल, तर ही सोय तुमच्या उपयोगाची नाही.

रिटर्नचा नमुना बदलतो तेव्हा मात्र जुनी आवृत्ती अडते. २०२५ मध्ये जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधल्या बाराव्या तक्त्याचे दोन भाग झाले : व्यापाऱ्यांना केलेली विक्री वेगळी, थेट ग्राहकांना केलेली वेगळी, आणि एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा, कोड यादीतूनच निवडायचा. त्याआधीच्या आवृत्तीला ही विभागणी ठाऊक नाही. मग हे आकडे पोर्टलवर हातानं भरावे लागतात. मोजक्या एचएसएनच्या दुकानाला ते जमण्यासारखं आहे, पण पेन, कॅल्क्युलेटर, दप्तरं, खेळणी असा पसारा असेल तर तिमाहीला दिवस मोडतो. तुमचं रिटर्न कर सल्लागार त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून भरत असतील, तर आधी त्यांना विचारा. कदाचित तुम्हाला याची झळ लागतच नसेल. एखादं वर्ष वर्गणी न भरता काढायचं आणि नमुना बदलला की भरायची, हा व्यवहारी मार्ग आहे. त्याआधी पार्टनरकडून, म्हणजे टॅलीच्या स्थानिक विक्रेत्याकडून, दोन गोष्टी लेखी घ्या : मुदत उलटल्यावर भरलं तर नवं वर्ष कधीपासून मोजणार, आणि मागची थकबाकी लावणार का.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगतोच. टीएसएस कंपनीची, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) स्थानिक पार्टनरची. पार्टनरचा माणूस दुकानात येऊन अडचण सोडवतो, तुमच्या बिलाचा नमुना करून देतो, त्याचे ते पैसे. फोनवर पुष्कळदा दोन्ही मिळून एकच आकडा सांगितला जातो आणि मालक सगळ्यालाच ‘टॅलीचे पैसे’ म्हणतो. बिलावर दोन ओळी वेगळ्या मागा. एक ठेवून दुसरी सोडता येते.

खऱ्या अर्थानं कप्प्याचं भाडं मागणारेही आहेत. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं दक्षिण कोरियात गाडीतली आसनं गरम करण्यासाठी महिन्याला सुमारे १८ डॉलर मागितले. गरम करणाऱ्या तारा गाडीत आधीच बसवलेल्या होत्या! लोक भडकले आणि २०२३ मध्ये कंपनीनं तो नाद सोडला. अ‍ॅडोबीनं २०१३ मध्ये उलटी वाट धरली : फोटोशॉप, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या विकायच्याच नाहीत, भाड्यानंच द्यायच्या. भाडं थांबलं की प्रोग्रामही थांबतो. २००१ साली आलेलं पेजमेकर ७ आजही काही मराठी डीटीपीवाल्यांकडे सापडतं, त्याचं एक कारण हेही असावं.

विकताना ‘पुन्हा पैसे नाहीत’ असं लेखी दिलं असेल, तर तुम्हाला दाद मागता येते. धंद्यासाठी केलेल्या खरेदीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर तो माणूस ग्राहकच धरला जातो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. नुसतं तोंडी आश्वासन असेल, तर ते सिद्ध करणं अवघड जाईल.

आणि भरायचं ठरलंच, तर त्यातले ८१० रुपये जीएसटीचे आहेत, ते परत मिळतीलच असं समजू नका. पुस्तकं करमुक्त, आता वह्याही शून्यावर. अशा मालाच्या विक्रीच्या प्रमाणात सामाईक खर्चावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट सोडावं लागतं. पेन-कॅल्क्युलेटरसारखा करपात्र माल जेवढा, तेवढ्याच प्रमाणात ते तुमच्या हाती लागेल.