आईची ऊब

पूर्ण दिवस भरण्याआधीच मूल जन्मले की घरात काळजी सुरू होते. एवढेसे बाळ, जगेल ना?

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला फार जपावे लागते. त्याच्या अंगात चरबी थोडी, म्हणून ते लवकर गार पडते. गार पडले की दूध ओढायला त्याला जोर राहत नाही. मोठ्या दवाखान्यात अशा बाळांना उबदार काचपेटीत ठेवतात.

पण पेट्या थोड्या आणि बाळे जास्त, असे झाले तर? दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देश आहे. तिथल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास असेच झाले. एकाच पेटीत एकाहून जास्त बाळे ठेवावी लागत. एकाचा रोग दुसऱ्याला लागे.

तिथल्या डॉक्टर एडगर रे यांना कांगारू आठवला. हा ऑस्ट्रेलियातला प्राणी. त्याचे पिल्लू जन्मते तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढेच असते. ते आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढते. मग डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. पुढे जगभर ही रीत पसरली.

ही ऊब पेटीच्या तोडीची आहे का? भारतासह पाच देशांत याची पारख झाली. २०२१ साली तिचा निकाल आला. ही बाळे एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची होती. आधी पेटीत किंवा शेकाखाली ठेवलेल्या दर १०० बाळांपैकी सुमारे १६ दगावली. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्यांपैकी १२ दगावली.

हे कसे करायचे? बाळाला टोपरे, मोजे आणि लंगोट घालावा. बाकी अंग उघडे ठेवावे. त्याला आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभे धरावे. पाय बेडकासारखे दुमडावे. मान एका बाजूला करावी. नाक-तोंड मोकळे आहे ना, हे पाहत राहावे. वरून मऊ कापड बांधावे. दिवसातून निदान ८ तास तरी असे ठेवावे. जास्त वेळ जमले तर फारच चांगले. अंगावरचे दूध पाजत राहावे.

आई थकली तर बापाने धरावे. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते. त्यात लाज कसली?

मात्र दवाखाना टाळू नका. बाळ दूध ओढत नसेल, गार किंवा निळे पडले असेल, धापा टाकत असेल, तर लगेच न्या. वाटेतही त्याला छातीशीच धरा.