जिनिंगमधून थेट वर्गात?

प्रश्न : मी नागपूर विद्यापीठाचा एमबीए, प्रथम श्रेणी. हिंगणघाटला जिनिंगमध्ये सहा वर्षे खरेदी-हिशेब सांभाळतो. एमबीए शिकवायचं आहे, पुढे संचालकही व्हायचंय. आयआयएमचा शिक्का नाही, पीएचडी नाही. दार बंद समजू का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : मुळीच नाही. आयआयएमची अट कुठेच नाही. एआयसीटीईच्या 2019 च्या नियमांनुसार व्यवस्थापनाच्या सहायक प्राध्यापकाला प्रथम श्रेणीचा एमबीए आणि त्यानंतरचा दोन वर्षांचा कामाचा अनुभव पुरतो. तुमचा आहेच, मालकांकडून अनुभवपत्र आजच घ्या. विद्यापीठ विभागात मात्र नेट किंवा पीएचडी लागू शकते, जाहिरात नीट वाचा.

संचालकपदाची वाट लांब आहे: पीएचडी, पंधरा वर्षांचा अनुभव, त्यातली तीन प्राध्यापकपदाची, शिवाय शोधनिबंध आणि पीएचडी मार्गदर्शन. म्हणून नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी आत्ताच धरा; मालकाचं ना-हरकत पत्र लागेल. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींना भुलू नका, ती यूजीसीला मान्य नाही.

पीएचडीचा विषय तुमच्या हाताशीच आहे, कापसाची खरेदी आणि खेळतं भांडवल. वर्ध्यात 1940 पासून वाणिज्य शिकवणारं गोविंदराम सेकसरिया महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना एकदा जरूर भेटा.